सूर लावण्याआधी

पेटी दुरुस्तीला आली की मी लगेच भाता उघडत नाही.
गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो,
केळीबाग रोडच्या बोळात, जिथं पंखा फक्त आवाज करतो,
आणि विचारतो : कोणतं गाणं आवडतं?
धंद्याचाच प्रश्न आहे.
जे गाणं सांगतील, त्याच्या पट्ट्या जास्त झिजलेल्या असतात.

पण सरळ कोणी सांगत नाही.

दस्तगीर मास्तर, इतवारीच्या बँडमधले,
मेव्हण्याच्या पेटीसोबत आले, क्लॅरिनेट काखेत.
"आवडतं? काय विचारून राहिले भाऊ!
चाळीस वर्षं लगनसराईत एकच फर्माईश.
नवरदेवाचे दोस्त रस्त्यावर लोळून राहिले,
घोडी बिचकून राहिली, मी वाजवून राहिलो.
आता ते गाणं नाही, माझ्या ओठाचा घट्टा आहे."
मग चहा निवल्यावर, कपाकडे बघत :
"वरात दारी लागली की आमचं काम संपते.
परततांना, गांधीबागेतल्या बंद दुकानांपुढून,
मी एक हळू वाजवतो.
त्याचे पैसे कोणी देत नाही."
कोणतं, ते मात्र सांगितलं नाही.

प्रज्ञाशीला मेश्राम इंदोऱ्याहून आली,
स्कूटीच्या पायदानावर पेटी,
दुपट्ट्यानं बांधलेलं तोंड, मे महिना मागे लागलेला.
चौदा एप्रिलच्या रात्री ती तीन मंचांवर गाते.
तिचं आवडतं गाणं मावशीनं विड्या वळता वळता जोडलेलं,
कुठं छापलं नाही, दुसरं कडवं हरवलंय.
"मी दरवर्षी तिथं नवीन कडवं टाकते,
अन् दरवर्षी मावशी खालून ओरडते,
हे नव्हतं वो बाई ते!"
मी तिची काळी पाच फुकटात बसवून दिली.
नाही, अर्ध्या पैशात. खोटं कशाला बोला.

रामदासपेठेत वसुधाताई देवपुजारी बंदिशी शिकवतात.
"आवड हा कच्चा शब्द आहे," त्या म्हणाल्या,
"रागाला आपण आवडतो का, ते बघावं."
मी मान हलवली, पेटी उचलली, जिना उतरलो.
पाना वर राहिला म्हणून परत चढलो, तर ताई
ओटा पुसता पुसता गुणगुणत होत्या
उदबत्तीच्या जाहिरातीची धून,
कोमल गंधारासकट.
मी पाना दुसऱ्या दिवशी नेला.

आणि डोमाजी हेडाऊ, गोळीबार चौकातले.
त्यांच्याकडे पेटी नाही. मागावर आयुष्य गेलं, दोन्ही कान गेले.
दुकानासमोर सायकल टेकवून नुसते बसतात.
त्यांना ओरडून विचारावं लागलं, अख्ख्या बोळानं ऐकलं.
ते काही बोलले नाहीत.
माझा हात धरून फळीवर ठेवला
आणि शेजारी बोटांनी ठोका धरला,
तीन जड, एक हलका, मग रिकामी जागा.
"इथं धोटा फिरे," म्हणाले,
"अन् इथं बायको पुढची ओळ म्हणे."
मग पुन्हा ठोका. रिकाम्या जागेपाशी
ते दर वेळी थोडे थांबत, आणि माझा हातही.

घरी मात्र हा प्रश्न मी कधी विचारला नाही.

दुपारी चारला नळ येतो.
ती पाइप लावून कूलरमध्ये पाणी भरते, वाळा ओला करते,
आणि एक गाणं तिच्या तोंडातून मधूनच सुरू होतं,
टाकी अर्धी झाली की,
आणि पाणी काठाला आलं की संपतं.
एकवीस उन्हाळे झाले. पहिली ओळ मी ऐकलेली नाही.
सूर किंचित उतरलेला असतो. मला ते कळतं,
कळणं हेच माझं पोट आहे.
मी पडून राहतो, डोळे मिटून, झोपल्यासारखा.

विचारलं तर ती म्हणेल, "इश्श, कुठं काय,"
आणि नळ बंद करेल.